तात्यामास्तरांचा चांदीचा बिल्ला

तात्यामास्तर तिरडीमागूनही गणित घालत. आमच्या आळीतला म्हातारा सोनार वारला, तेव्हा गोदावरीच्या वाटेवर त्यांनी मला हळूच विचारलं, "चार खांदेकऱ्यांपैकी एक बुटका असेल, तर जास्त भार कुणावर?" मी उत्तर दिलं. "शाबास, गाढवा!" ते इतक्या मोठ्यांदा ओरडले की रडणारेसुद्धा थांबले.

नाशकात तांबट आळीत ते आमच्या समोर एकटेच राहत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. शाळेत ते गणित शिकवत आणि इंग्रजी शिकवणाऱ्या लिमयेमास्तरांशी अकरा वर्षं बोलत नसत. "इंग्रजी काय, पोपटालाही येतं. पोपटाला भूमिती येते का?" हा त्यांचा सवाल.

माझ्यावर त्यांचा डोळा होता. मुंबईच्या एका मंडळाच्या गणिताच्या चढाओढीत पोरगं पहिलं आलं, की पुण्याचं कॉलेज दारात पालखी पाठवणार, असं ते माझ्या वडिलांना सांगत. वडील हंडा ठोकता ठोकता मान हलवत. इंग्रजीच्या तासाला मास्तर मला खुशाल वर्गातून उठवून नेत.

मी पहिला आलो. चांदीचा बिल्ला मिळाला. मॅट्रिकला गणितात पैकीच्या पैकी, इंग्रजीत कसाबसा काठावर.

पालखी काही आली नाही, नकाराचं पत्र आलं. मास्तरांनी मला सर्व्हिस मोटारीत कोंबलं आणि पुण्याला प्रिन्सिपॉलसाहेबांसमोर नेऊन उभं केलं. बिल्ला टेबलावर आपटला.

"छान आहे," साहेब म्हणाले. "अर्जात याचं वाचलं, म्हणूनच तुम्हाला आत बोलावलं. पण जागा मोजक्या, आणि इथं सगळं इंग्रजीत शिकवतात. याला कळणार काय? इंग्रजी सुधारून पुढच्या वर्षी या."

परतताना सिन्नर आलं. तेव्हा मास्तर म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही रे. माझं चुकलं."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते लिमयांच्या दारात उभे राहिले. "लिमये, हे पोरगं माझ्यापायी अडलंय. शिकवाल?"

लिमयांनी दार सताड उघडलं. "आत तर या," म्हणाले.

मास्तर आत गेले नाहीत. वर्षभर रोज संध्याकाळी मी आत शिकायचो आणि ते बाहेर ओट्यावर बसायचे. थंडीत कानाला उपरणं गुंडाळून.

"तुम्ही कशाला ताटकळता, मास्तर?"

"तू पळून जाशील म्हणून."

पुढच्या जूनमध्ये प्रवेशाचं इंग्रजी पत्र आलं. मास्तरांनी ते माझ्या हातातून ओढलं आणि अडखळत, पण पार सहीपर्यंत मोठ्यानं वाचलं. उच्चार थेट लिमयांचे! वडील हातोडा टाकून पेढे आणायला पळाले.

मास्तरांनी पत्राची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली.

"आता संध्याकाळी मी कुठं बसायचं रे?" त्यांनी विचारलं.