सरांनी काढलेला प्लग

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी वनस्पतिशास्त्राच्या सरांनी ठरवलं, या खेपेला आपणही ॲपवर फोटो टाकायचाच.

कॉलेजात ते ॲप आणलं होतं त्यांनीच. पोरांनी दिवे बंद करावेत, प्लग काढावेत, फोटो टाकावेत आणि इतरांनी त्यावर हिरवं पान द्यावं, अशी योजना. ज्याला जास्त पानं, तो वर. सरांचा नंबर एकशे बारावा होता. (एकशे तेराव्याने केव्हाच कॉलेज सोडलं होतं.)

चार दिवस लग्नाला जायचं होतं. बायको आणि मुलगी खाली गाडीत बसल्या तरी सर घरभर प्लग उपटत फिरत होते. शेवटी राहिला फ्रीज. दूध-भाजी बायकोने शेजारी देऊन टाकली होती. आत एकच डबा होता, त्यावर मुलीच्या अक्षरात लिहिलेलं: 'बाबा, हात लावू नका.' सरांनी मुळीच हात लावला नाही. फक्त प्लग काढला आणि त्याचा फोटो टाकला.

डब्यात प्लास्टिक खाणारे जिवाणू होते. नाकाला रुमाल बांधून, कचराडेपो पालथा घालून मुलीने तीन महिन्यांत जमवलेले. सरांच्याच कॉलेजात तिच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. सुट्टीत प्रयोगशाळेतला फ्रीज बंद ठेवायचा, हा फतवा सरांचाच, म्हणून तिने ते घरी आणले होते.

परत येऊन डबा उघडला, तर आत नुसती बुरशी.

"बाबा, वर लिहिलेलं वाचलं नाहीत?"

"वाचलं ना. हात कुठे लावला मी?"

बोलताक्षणी सरांना स्वतःची जीभ हासडावीशी वाटली. मुलगी भांडली असती तर बरं झालं असतं. ती डबा घेऊन खोलीत गेली. सरांना जेवण गेलं नाही.

"अहो, माफी मागा," बायको म्हणाली.

"दोनदा मागितली."

"मिरवलंत चारचौघांत. माफीही तिथेच मागा."

पटलं. सरांनी ॲपवर सगळं लिहिलं, स्वतःला जराही पाठीशी न घालता. पोरं हळहळली. पण ॲपवर हळहळायची वेगळी सोय नव्हती, म्हणून त्यांनी पानं दिली. संध्याकाळपर्यंत साडेचारशे.

सरांनी मुलीचं दार वाजवलं.

"वाचलंस?"

तिने फोन पुढे केला. पहिल्या नंबरावर सर होते. खाली, दुसऱ्यावर, ती. वर्षभर पहिली तीच होती.

"बाबा," ती म्हणाली, "एवढं तरी मला ठेवायचं होतंत."