ओढ्याकाठच्या रोपांचं अपहरण

माझी नजर घारीची, नाक मुंगीचं आणि झोप सशाची. दूध उतू जायच्या आधी मला चाहूल लागते आणि ताप चढायच्या आधी मी थर्मामीटर झटकते. घरचे याला काळजीखोरपणा म्हणतात. मी गुप्तहेरगिरी म्हणते.

त्यामुळे लेकीच्या शाळेतली रोपं नाहीशी झाली, तेव्हा कोणी बोलावलेलं नसतानाही मी हजर झाले.

प्रकरण गंभीर होतं. शाळेमागचा ओढा दर पावसात काठ गिळत मैदानाकडे सरकतोय. माती धरून राहावी म्हणून लेकीच्या वर्गातल्या, म्हणजे दुसरीच्या मुलांनी काठावर इथलीच रोपं लावली होती, वाळुंज आणि लव्हाळा. दुसऱ्या दिवशी काठ बोडका!

"उद्या संस्थेची माणसं बघायला येतायत," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "रोपं दिसली नाहीत तर सिमेंटची भिंत बांधणार. मग ओढा कसला, गटारच ते."

"शेळी!" मी जाहीर केलं.

"रोपं खाल्ली आणि जाताना खड्डे बुजवले?" नातीला न्यायला आलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"मग रोपवाटिकावाला. तीच रोपं पुन्हा विकायला..."

"अगं, त्याने फुकट दिली होती."

मी चिखलात वाकले. ठसे! इवलेसे, पण पुष्कळ. "भिंतीचा कंत्राटदार! कोणाला संशय येऊ नये म्हणून मुद्दाम लहान चणीची माणसं आणलीत."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि नातीकडे वळल्या. "बाळा, रोपं कुठायत गं?"

"नळामागे," लेक म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी नेली, खेळाच्या तासाला. आई म्हणते ना, ओढ्याच्या काठाला उभं राहायचं नाही, पाय घसरतो. आणि ती तर केवढीशी आहेत!"

"चला," सासूबाई म्हणाल्या, "गुन्हेगाराची आई शोधायला लांब जायला नको."

"मोठी माणसं लावतील परत," मी घाईघाईने म्हटलं.

"पण रोपं मला ओळखतात," लेक म्हणाली. "मी सांगितलं तरच थांबतील तिथे."

संध्याकाळी मुलं, बाई, आम्ही, सगळेच काठावर. लेक वाकून माती दाबत होती आणि मी मागून तिचा फ्रॉक मुठीत आवळून उभी.

"आई, सोड ना. काठ धरायला रोपं आहेत आता."

मी डोळे मिटले आणि फ्रॉक सोडला. लेक पडली नाही. मी मात्र पुढे झुकले, तेव्हा कळलं की सासूबाईंनी मघापासून माझी बाही धरून ठेवली होती.