दगडूतात्यांचा बिनकाट्याचा माळ

दगडूतात्या रोज सकाळी घोंगडीला फिरायला नेतात. लोक कुत्र्याला नेतात, नातवंडांना नेतात, काहीजण निव्वळ पोट नेतात. तात्या भिजवलेली घोंगडी जमिनीवर पसरतात, मागच्या काठावर चार दगड ठेवतात, पुढच्या काठाचा दोर कमरेला बांधतात आणि घरापासून नदीपर्यंत माळावरून ओढत नेतात. परत आले की ओट्यावर बसून घोंगडीत रुतलेले सराटे, म्हणजे माळावरचे गोल काटे, चिमट्याने एकेक उपटतात. कमी निघाले तर "आज माळ गरीब हाय" म्हणतात आणि दिवसभर खुशीत असतात.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते तंबूतून डोकं बाहेर काढून. पारनेर तालुक्यात, कुकडीच्या काठावर तात्यांचं कॅम्पिंग आहे. कॅम्पिंग म्हणजे पाच तंबूंची जागा, एक नळ, दोन संडास आणि चहूकडे खडक, बाभळी, कुसळं. नदी खाली खडकात. वर माळावर ओलाव्याचा पत्ता नाही. नागापूरच्या एमआयडीसीत आमची आठ जणांची सायकल-टोळी आहे. वजन कमी करायला काढली होती, ते अजून व्हायचंय. त्या माळावर पंक्चर होत नाही अशी बातमी सायकलवाल्यांच्या मोबाईलवरून फिरत होती, म्हणून आम्ही गेलो.

तात्यांकडे प्रवेश सोपा नाही. फाटकाशीच "तळवे दावा" म्हणतात. नाल ठोकायला बैलाचा पाय धरावा तसा त्यांनी आमच्या मॅनेजरसाहेबांचा पाय मांडीवर घेतला आणि बुटातून तीन सराटे काढले. कंपनीत ज्यांच्यापुढे कोणी तोंड उघडत नाही, ते साहेब एका पायावर फाटकाला धरून उभे होते. माझी बढती दोन वर्षं त्यांच्याकडे अडकली आहे, तरी त्या दिवशी मी त्यांना मनातून माफ केलं.

"तंबू कुठं लावू?" असं मी विचारलं.

"मला काय इचारता? माळाला इचारा."

माळाला विचारायचं म्हणजे त्या जागी पाच मिनिटं पाठीवर पडायचं. खडा टोचला तर माळ नाही म्हणाला. आम्ही आठही जण उन्हात आडवे, आणि तात्या कमरेवर हात ठेवून आमच्यामधून फिरताहेत. मला माळ तीनदा नाही म्हणाला.

पण ती घोंगडी काही माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला सवय आहे. बायको त्याला वेगळा शब्द वापरते. मी तात्यांना विचारलं, हे कशासाठी? "तुमच्या सायकलींसाठी." पुढच्या खेपेला विचारलं तर म्हणाले, "घोंगडी धुयाला." तिसऱ्या खेपेला त्यांनी मला माळाला विचारायला सांगितलं.

मग मी कौसामावशींकडे गेलो. या तात्यांच्या बायको. चुलीपुढे पाय लांब करून भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी मला सरळ उत्तर दिलं.

"सायकली आत्ता आल्या वो. घोंगडी त्याच्या आधीपासनं फिरतीय."

मावशींना साखरेचा आजार. त्यात दोन वर्षांपूर्वी डाव्या पायाची दोन बोटं गेली, आणि दोन्ही पावलं बधिर झाली. पूर्वी रोज नदीवर जायच्या, धुणं झालं तरी पाण्यात पाय सोडून बसायच्या. डॉक्टर म्हणाले, जखम भरली, आता चाला. "मी म्हनलं, कुठं चालू? समदा माळ सराट्यांनी भरलाय. काटा शिरला तर मला कळायचं बी न्हाई. मी आपलं बोलून गेले. दुसऱ्या दिशी ह्यांनी घोंगडी भिजवली."

"मग आता जाता का नदीवर?"

"न्हाई. भ्या वाटतं."

दोन वर्षं हा माणूस रोज वाट झाडतो आहे आणि जिच्यासाठी झाडतो ती त्या वाटेवर पाऊल टाकत नाही. सायकलवाले आयते आले, तंबू आयते लागले. मला तात्यांचा राग आला. त्यांना म्हटलं, अहो, हात धरून न्या की मावशींना.

"जोर कशाला करायचा?" तात्या चिमट्याकडे बघत म्हणाले. "वाट तयार हाय. तिला वाटलं तर यील."

जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. ऊन उतरायला लागलं होतं. मावशी दवाखान्यातल्या जाड चपला घालून बाहेर आल्या आणि कोणाला काही न सांगता चालू लागल्या. तात्या नळाशी होते. त्यांनी बादली तिथेच सोडली आणि मावशींच्या पुढे जाऊन, वाकून, हाताने वाट चाचपत चालायला लागले. सायकलवाले आपापली सायकल धरून कडेला थांबले. मी मावशींच्या मागे होतो. अंतर काही फार नाही, पण आम्हाला बराच वेळ लागला.

नदीपाशी मावशी खडकावर बसल्या. चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले आणि नुसत्या बघत राहिल्या. मी सकाळी त्या पाण्यात हात घालून ओरडलो होतो. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"अवो," त्या म्हणाल्या, "पानी गार हाय का?"

तात्यांनी वहाणा काढल्या, धोतर गुडघ्यापर्यंत ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसून पाय आत घातले. पाण्यात बोटं हलवून पाहिली.

"बोटांना चावतंय," ते म्हणाले. "घोट्याला बरं वाटतंय. टाचंखाली वाळू सरकतीय."

"हां," मावशी म्हणाल्या. "तसंच असायचं."