अनुक्रमांक सत्तेचाळीस

खैरनार बाईंचा आवाज आमच्या शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात अनुक्रमांक सत्तेचाळीसला नोंदलेला होता, त्यामुळे नोकरी सोडायची तर तो शाळेत जमा करणं त्यांना भाग होतं. यात कुणाची चूक असेल तर माझी. मी शाळेचा क्लार्क, निकुंभ. नोंद माझ्या हातची आहे.

झालं असं की अकरा वर्षांपूर्वी तपासणी लागली आणि शाळेत असायलाच हव्यात अशा वस्तूंच्या यादीत 'ध्वनिक्षेपक, एक नग' निघाला. आमच्याकडे कुठला आलाय ध्वनिक्षेपक! बच्छाव सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, म्हणाले, "खैरनार बाईंचा आवाज लिहून टाका, फाटकापर्यंत जातो." मी लिहिला. तपासणीच्या साहेबांनी स्वतः फाटकाशी उभं राहून खात्री केली, सही केली आणि वस्तूवर नंबर टाका म्हणाले. बाकांवर, घंटेवर आम्ही ऑइलपेंटने नंबर टाकतो. आवाजावर कुठे टाकणार? मग बाई रोज प्रार्थनेनंतर स्वतःच "सत्तेचाळीस" असं म्हणायला लागल्या. तेव्हापासून कशाचंही अडलं नव्हतं.

यंदा अडलं. शाळेचा पट एकतीसवर आला. शाळा बंद होणार, नाही होणार, शेजारच्या गावच्या शाळेला जोडणार, रोज एक नवी बातमी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर तर आमची शाळा एका महिन्यात तीनदा बंद झाली. त्यातच बाईंना नाशिकला, द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत कागदपत्रं तपासायची नोकरी चालून आली. पंधरा तारखेच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं.

"तिथे बोलावं लागत नाही, भाऊ. सगळं कॉम्प्युटरवर," बाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या. "पण आईचं काय करू? घरात आम्ही दोघीच, आणि तिला डोळ्यांनी दिसत नाही. मी आले हे तिला माझ्या आवाजावरूनच कळतं."

"मग कशाला जाता? राहा इथेच."

"आणि शाळाच बंद झाली तर?"

मी नियम काढून बघितले. शाळा बंद झाली की तिची सगळी चीजवस्तू तालुक्याच्या गोदामात जाते. ते गोदाम मी पाहिलंय. उंदीर आहेत. मोडक्या बाकांच्या ढिगाखाली बाईंचा आवाज पडलाय असं डोळ्यांसमोर आलं आणि त्या दिवशी मी डबा तसाच घरी नेला. म्हणजे राहिल्या तरी आवाज जाणार, गेल्या तरी जाणार. एकच वाट होती, निर्लेखनाची. वस्तू निकामी झाली असं समितीने लिहून दिलं की ती रजिस्टरातून कमी होते. मग ज्याची त्याने खुशाल घरी न्यावी.

"म्हणजे माझा आवाज निकामी झालाय, हे मी दाखवून द्यायचं?" बाईंनी विचारलं.

"पोरं तुमचं ऐकत नाहीत, एवढं समितीला दिसलं की काम झालं."

एकोणीस वर्षं शिकवत आलेल्या बाईला मी हे सांगत होतो. माझी मलाच लाज वाटली.  बाई "बघते मी," एवढंच म्हणाल्या आणि तासाला गेल्या.

मंगळवारी समिती आली. विस्तार अधिकारी देवरे साहेब अध्यक्ष, शिवाय दोन सदस्य, ते मात्र मुख्यतः चहाला आले होते. एकतीसच्या एकतीस पोरं एका वर्गात बसवली. बाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या.

"पुस्तकं काढा."

एकाही पोराने दप्तराला हात लावला नाही.

"इकडे लक्ष द्या."

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या.

"सुवर्णा, उभी राहा बघू."

सुवर्णा बाकाखाली जाऊन बसली. शाबास गं पोरी, मी मनात म्हटलं. देवरे साहेबांनी मान हलवली आणि पेनाचं टोपण काढलं. 'निकामी' लिहूनही झालं असतं, पण साहेब पडले कामसू. पहिल्या बाकावरच्या मुलीकडे वळून त्यांनी विचारलं, "काय गं, बाईंचं ऐकत का नाही तुम्ही?"

"बाईंनीच सांगितलंय, साहेब. मंगळवारी माझं काहीएक ऐकायचं नाही म्हणून."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"सगळ्यांनी!" पोरगी अभिमानाने म्हणाली.

साहेबांनी लिहिलं, 'वस्तू सुस्थितीत असून उत्तम चालते.'  मी बाईंकडे बघितलं. डोळे भरून आले होते त्यांचे. आणि खोटं कशाला सांगू, चेहऱ्यावर आनंदही होता.

ऑफिसात आल्यावर मी विचारलं, "साहेब, दुसरी काही सोय?"

"बदली वस्तू जमा करा. तितक्याच ताकदीची, किंवा जास्त."

बच्छाव सरांनी लगेच गळ्याला मफलर गुंडाळला आणि कालपासून सर्दी असल्याचं सांगितलं. दोन्ही सदस्य कपात बघायला लागले. मी काही फार मोठ्या मनाचा माणूस नाही, गावात कुणालाही विचारा. पण नोंद माझ्या हातची होती आणि ती मला आठ दिवस टोचत होती. मी व्हरांड्यात गेलो, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, "फाटक लावा!"

ओढ्यापलीकडच्या अहिरेंनी त्यांच्या गोठ्याचं फाटक लावलं. साहेबांनी शेरा मारला, 'क्षमता मूळ वस्तूपेक्षा अधिक.'

"भाऊ, अहो असं काय करता?" बाई रडायलाच लागल्या. "सही करू नका. मी नाही जात नाशिकला."

"जा हो, बाई. जन्मभर या आवाजात नुसता खेकसलोय मी लोकांवर. घरी जा, आई वाट बघत असेल." एवढं बोलून मी सही केली. ते माझं शेवटचं बोलणं.

पंधरा तारखेला बाई आईला घेऊन नाशिकला गेल्या. माझा आवाज ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या खणात आहे. माझं काम सगळं लेखी, त्यामुळे अडत नाही. घरी बायको पहिले दोन दिवस म्हणाली, बाई गं, किती शांत वाटतंय. तिसऱ्या दिवशी काही बोलली नाही.

परवा दुपारी ती शाळेत आली. कधी येत नाही. माझ्या टेबलापुढे उभी राहून म्हणाली, "कपाट उघडा जरा."

मी किल्ली लावून दार उघडलं. आतून मी खेकसलो, "काय आहे? कामाच्या वेळी कशाला आलीस?"

"काही नाही, सहज," ती म्हणाली. पदराने तोंड पुसून स्टुलावर बसली. दहाएक मिनिटं बसली असेल, मग भाजी घ्यायची आहे म्हणून गेली.