टबातला ऑक्टोपस

"बाबा, हा ऑक्टोपस रबराचा आहे," लेक म्हणाली आणि चष्मेवाल्याने सिनेमा तिथेच थांबवला.

चौकात चष्म्यांचं दुकान चालवणारा हा माणूस एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण हा सिनेमा त्याने सातव्या वर्षी वडिलांच्या पाठीआड लपून पाहिला होता. आज सुट्टी होती, म्हणून कॉलेजात जाणाऱ्या लेकीला त्याने आग्रहाने शेजारी बसवलं होतं.

"रबराचाच आहे! तीच तर गंमत," तो तावातावाने म्हणाला. "तेव्हा कुठला कॉम्प्युटर? खरं पाणी, हातभर लांबीची खेळण्यातली बोट आणि मागे चार माणसं दोऱ्या ओढतायत. बघ ना, हात कसे लवतात!"

"छान आहे हो. पण भीती नाही वाटत."

हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. "थांब, दाखवतोच तुला."

अर्ध्या तासात बाथरूममधला टब भरला. भांडी घासायच्या हातमोज्यांत चिंध्या कोंबल्या. आठ हात पुरे होईनात, तेव्हा बायकोचे पायमोजे कामी आले. डोक्याला पोहायची टोपी, डोळ्यांना दुकानातली दोन जाडजूड भिंगं. ऑक्टोपस बुडेना, म्हणून पोटात लेकीचा डंबेल घातला. त्याला बांधलेली दोरी टबाच्या पडद्याच्या दांडीवरून घेऊन चष्मेवाला पडद्याआड दडला.

"लाटा हव्यात. नळ सोड पूर्ण!"

लेकीने नळ सोडला आणि चित्रणासाठी मोबाइल सरसावला. ऑक्टोपस बुडाला तो बुडालाच. दोरी ताणून ताणून चष्मेवाल्याला घाम फुटला. तेवढ्यात एक पायमोजा सुटला आणि जादा पाणी जायच्या भोकात जाऊन बसला.

बाहेरून बायको ओरडली, "अहो, तुमचा समुद्र हॉलमध्ये आलाय!"

"एकच मिनिट! हलला, हलला!"

त्या एका मिनिटात दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या, डोक्यावर छत्री धरून. त्यांच्या छतातून धार लागली होती. बायको काही बोलायच्या आत त्या तरातरा बाथरूमपर्यंत पोचल्या.

"कोणाचा उद्योग आहे हा?"

नळाच्या आवाजात चष्मेवाल्याला काही ऐकू गेलं नाही. त्याने सगळा जीव एकवटून दोरीला हिसका दिला. ऑक्टोपस उसळून वर आला आणि भिंगांचे डोळे वटारून बाईंच्या नाकासमोर लोंबकळू लागला.

बाईंनी अशी किंकाळी फोडली की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. त्या मटकन धुण्याच्या टोपलीवर बसल्या. लेकीने धावत जाऊन नळ बंद केला.

पडद्याआडून निथळत बाहेर आलेल्या चष्मेवाल्याने हात जोडले. "बाई, चुकलं. छत मी स्वतः रंगवून देतो."

"बाबा, पण त्या खरंच घाबरल्या!" लेकीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. "कसला भारी केलात!"

चष्मेवाल्याला एकीकडे लाजही वाटत होती आणि दुसरीकडे ऊर भरूनही आला होता. बाईंनी मात्र लेकीपुढे हात केला. "ते चित्रण दाखव."

त्यांनी ते दोनदा पाहिलं, तोंडावरची एक रेषाही न हलवता. मग उठून आरशासमोर केस सारखे केले.

"किंकाळी बरी आहे, पण मी प्रकाश अडवलाय," त्या म्हणाल्या. "पुन्हा घ्या. या वेळी मी डावीकडून येते."