एक डबा, दोन रिमोट: त्या झुंजीची हकीकत

ज्यांनी ज्यांनी टीव्हीचा रिमोट एकदा तरी उशीखाली दडविला, त्या समस्त घरंदाजांस विदित व्हावे की, समुद्रापलीकडील मुलखात, चिरंजीवांचे तिसऱ्या मजल्यावरील मुक्कामी राहोन मातोश्रींनी जी मोहीम मारिली, तिची हकीकत येणेप्रमाणे.

मातोश्रींची स्वारी सूनबाईंचे बाळंतपणास परमुलखी दाखल जाहली, आणि बाळाचे आंघोळीचा, दुपट्यांचा, अंगाईचा बंदोबस्त एकहाती केला, परंतु जीव मायदेशीच्या मालिकेत गुंतलेला. तेथे थोरल्या सुनेवर दागिने चोरल्याचा आळ कैक महिने चालिला होता आणि आता कोर्टाचा निकाल तोंडावर. मग चिरंजीवांनी मसलत करून, मायदेशी एका मित्राकरवी घरच्या सेट टॉप बॉक्सास लहानसा डबा जोडविला, आणि इंटरनेटाचे वाटेने घरचा टीव्ही परमुलखी लॅपटॉपावर हजर केला, रिमोटासुद्धा. मातोश्रींचे यजमान थोरले सरकार मायदेशी एकटेच सोफ्यावर ठाण मांडून होते. त्यांस इतकेच कळविले की, नेट फास्ट होईल.

पहिल्याच दिवशी जज्जाने चष्मा पुसला, तोंड उघडले, आणि पडद्यावर एकाएकी फिरकी गोलंदाज अवतरला.

मातोश्री कडाडल्या, "अरे, तुझ्या नेटला वेड लागलंय का? जज्ज कुठे गेला?"

चिरंजीवांनी ओशाळून अर्ज केला, "आई, बॉक्स एकच आहे गं. तिकडे बाबांनी चॅनल बदललं."

"म्हणजे इथून मी बदललं, तर त्यांचंही बदलतं?" ऐसे पुसोन, आणि उत्तराची वाट न पाहता, मातोश्रींनी बटण दाबिले.

मग तुंबळ माजले. सरकारांनी रिमोटाचे सेल बदलिले, आणि टीव्हीस चापट्या लगाविल्या, आणि सोफ्याच्या गाद्या उपसल्या, आणि केबलवाल्यास तातडीने पाचारण केले. केबलवाल्याने वायर हलवून अहवाल दिला की, काका रिमोटवर बसत असावेत. सरकार बहुत संतापले आणि फोनवर मातोश्रींस म्हणाले, "टीव्हीला भूत लागलंय. आणि भुतालाही नेमकी तुझीच मालिका आवडते!"

"मग बघू द्या की बिचाऱ्याला," मातोश्रींनी फर्माविले. खरे सांगितले, तर सरकार डबाच उपटतील आणि निकाल कायमचा हुकेल, हे त्या जाणोन होत्या.

निकालाचा दिवस उगवला, आणि सामन्याची अखेरची षटकेही त्याच घडीस. जज्जाने "हे न्यायालय" म्हणावे आणि चौकार बसावा. गोलंदाजाने धाव घ्यावी आणि थोरल्या सुनेने हुंदका द्यावा. इतक्यात मालिकेत जाहिरात आली, आणि मातोश्रींनी सवयीने आवाज बंद केला. जाहिरातीस बोलू द्यायचे नाही, हा त्यांचा संसारभराचा शिरस्ता. असा दुसऱ्या कोणाचे घरी ऐकिवात नाही.

आणि मग नवल जाहले. क्रिकेट परत आलेच नाही. जाहिरातींमागून जाहिराती मुकाट नाचोन गेल्या. मातोश्री धास्तावल्या की, गनीम गप्प का, तब्येतीस काही जाहले की काय. इतक्यात फोन खणाणला.

"जाहिरात संपत आली," सरकार म्हणाले. "आवाज सोड, भूतबाई."

मातोश्री चाचरल्या. "अहो, आणि मॅच?"

"राहू दे मॅच. पोर सुटते की नाही ते बघू. सोड ना आवाज!"

"तुमच्या हातात रिमोट नाही का?"

"आहे की. पण आवाज तूच सोडतेस ना."

मातोश्रींनी आवाज सोडिला आणि थोरली सून निर्दोष सुटली. मग फोन चालू असताच तह ठरला की, मालिकेची वेळ मातोश्रींची, बाकी मुलूख सरकारांचा, आणि जाहिरातींचे तोंड उभयपक्षी बंद. येणेप्रमाणे मातोश्रींची फत्ते जाहली, ती लिहून ठेविली. निकाल ऐकताना सरकारांनी नाक पुसले आणि सर्दीचे कारण सांगितले, तेही लिहिले आहे; मान्य केलेले नाही.