हैबती सोनटक्के याणे चाक दिले ते वर्तमान

श्रीगजवदन प्रसन्न. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरे, माघ मासी, साहेबीं पुसिले की, पाच मजलांची सायकलींची मोहीम कैसी जाहली. तरी घडले तैसे लिहितो. गोड करोन सांगणे सेवकास साधत नाही.

राज्यात दर साली पाच दिवस दौड होत असे, आणि पाचही दिवसांची वेळ मिळोन ज्याची कमी भरे त्यास तख्त. निळ्या निशाणाचे सरदार रणधीरराव, आणि त्यांचे पदरी हैबती सोनटक्के, वय छत्तीस, काम एकच की, धन्यापुढे राहोन वारा आपले छातीवर घ्यावा आणि शेवटचे कोसात बाजूस सरावे. ऐसी अकरा साले वारा खाल्ला, पहिला एकदाही आला नाही. मग त्या साली पाचवी मजल हैबतीचे गावावरोन, घाटमाथ्याचे वेशीतून नेमिली. आणि फौजेत रीत ऐसी की, ज्याचा गाव येईल त्यास सर्वांनी जोर आवरोन पुढे सोडावे, त्याणे वेशीवर वडिलांचे पायां पडावे, आणि मग फौजेत मिळावे. वैरीही ही रीत मोडीत नसत. हैबतीचा बाप निंबाजी, वय एक्याऐंशी, डोळ्यांस रंग तेवढा दिसे, माणूस ओळखू न ये. वैद्याने सांगितले होते की, फाल्गुन पाहील न पाहील. त्यास निरोप गेला, "आबा, वेशीवर बसा. निळा अंगरखा सर्वांच्या आधी येईल, तो मी." म्हातारा सकाळपासोन नारळ घेऊन बसला.

घाटाचे पायथ्याशी रणधीरराव आपण होऊन बोलिले, "जा हैबती, आबांस आमचा रामराम सांग." हैबती पुढे निघाला, आणि देवळाचा कळस दिसो लागला, आणि ऊर भरोन आला, तो मागोन हाक आली, "हैबती! चाक!" रणधीररावांचे मागील चाकात काच शिरली होती. सामानाची मोटार दोन वळणे खाली, म्हशींचे कळपात अडकलेली. वैरी तांबड्या निशाणाचे, त्यांणी ते पाहिले, आणि रीत बासनात गुंडाळोन जोर केला. तख्ताचे अंतर अवघे अकरा सेकंद! हैबतीचे मनी आले की, ऐकिलेच नाही म्हणावे, वाऱ्याने हाक नेली म्हणावे, कोण पुसतो? अकरा सालांत एक दिवस मागितला! ऐसे म्हणोन चार वेळा पायही मारिले, आणि मग पाय आपणच थांबले. मेली सवयच तैसी! माघारा फिरला, आपले चाक काढोन धन्यास दिल्हे, आणि पाठीस हात लावोन चढास लाविले. "धनी, वेशीवर आबा..." इतुकेच बोलिला, तो धनी वळणाआड जाहले. त्यांणी तांबड्यांस चढावरच गाठिले, मागे टाकिले, आणि वेशीतून एकटेच, सर्वांआधी, निळ्या अंगरख्यानिशी निघोन गेले.

फौज सारी वरी गेली, मोटार काही येईना. मग हैबतीने जोडे काढिले, सायकल खांद्यावर घेतली, आणि अनवाणी घाट चढोन वेशीवर आला. म्हातारा एकटाच बसला होता, पुढे फुटका नारळ.

"कोण रं? निळाच दिसतोस. माझ्या लेकाचा सोबती काय?" निंबाजी बोलिला. "पायलंस न्हवं? पयला आला बाबा, पयला! थांबला न्हाई, घाईत व्हता. असू दे. धर, खोबरं खा."

शब्द काढिला तर आबा आवाज ओळखतील, म्हणोन हैबती बोलिला नाही. खोबरे तोंडी घातले. तैसाच पायां पडला. म्हातारा हसोन म्हणे, "आरं, माझ्या कशापायी पडतोस? त्याच्या पड."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. रणधीररावांस तख्त मिळाले. चाक कोणाचे, याचे स्मरण राहिले नाही. निंबाजी त्याच पंधरवड्यात वारला, आणि शेवटपावेतो "पयला" म्हणत होता. हैबती मुक्कामी पोचला तेव्हा घड्याळ उतरोन ठेविले होते, सबब त्याचे नाव यादीत नाही. म्हणोन येथे लिहिले असे.